भाट्याची फेरी, आठवड्याची सुई, पोटातल्या पिना

रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर सकाळी साडेसहाला पोचलं, तरी ओल्या वाळूत बुटांचे ठसे आधीच उमटलेले दिसतात. कुणी सुरूच्या बनाकडेने झपझप चाललेलं असतं, कुणी मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत असतं. किनारा साधारण दीड किलोमीटरचा. या टोकापासून त्या टोकाला जायचं, परत यायचं आणि पुन्हा एकदा त्या टोकाला गेलं की साडेचार किलोमीटर भरतात. फक्त गाडी पहिल्या टोकाला राहिलेली असते, त्यामुळे आणखी दीड किलोमीटर आपसूक पदरात पडतं.

‘पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर’ हे सूत्र गेल्या काही वर्षांत मराठी घरांत पाढ्यासारखं पाठ झालं आहे. चालणाऱ्यांमध्ये कुणाला डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचं सांगितलेलं असतं, कुणाचे गुडघे बोलू लागलेले असतात, तर कुणाला पुढच्या महिन्यातल्या लग्नात शालू नीट नेसायचा असतो. सगळ्यांना हवं आहे ते एकच: वजन उतरायला हवं.

ही हौस तशी नवी. कोकणात पिढ्यान् पिढ्या चिंता होती ती वजन भरण्याची. मुंबईचा चाकरमानी मे महिन्यात घरी आला की पायरीवरच ऐकू यायचं, ‘किती वाळलास रे!’ लग्नानंतर मुलगी जरा भरली की ‘तब्येत सुधारली’ म्हणत. वाढलेलं पोट म्हणजे खात्यापित्या घरची खूण. रत्नागिरीच्या टिळक आळीत ज्यांचं जन्मघर जपलेलं आहे, त्या लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यास बाजूला सारून तालमीत घालवलं, ते किरकोळ अंगात ताकद यावी म्हणून. त्या वर्षी परीक्षा हुकली, शरीर मात्र कमावलं गेलं. आज जिमचे पैसे भरणारा बहुतेक वेळा उलट्या कामासाठी जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले.

पण काटा हा फसवा साक्षीदार आहे. हे सगळ्यात झणझणीतपणे दाखवून दिलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. त्यात शेजारी शेजारी उभे होते याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी एक: २२.३. पुस्तकाप्रमाणे दोघेही सडपातळ. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक हातपाय आणि आत दडलेली चरबी, अशा भारतीय शरीराला ‘थिन-फॅट’ हे नाव चिकटलं.

याची मुळं गर्भातच सापडतात. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. पुण्याची बाळं स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण कातडीखालच्या चरबीत फारशी मागे नव्हती. म्हणून युरोपियन माणसासाठी बॉडी मास इंडेक्स २५ ही जादा वजनाची आणि ३० ही लठ्ठपणाची रेघ असताना, भारतीय डॉक्टरांनी आपल्यासाठी ती अनुक्रमे २३ आणि २५ वर आणून ठेवली. त्याहून सोपी खूण कमरेची: पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली की सावध व्हायचं. पोटात यकृताभोवती साठलेली चरबी इन्शुलिनच्या कामात खोडा घालते आणि मधुमेह, रक्तदाब, फॅटी लिव्हर मागोमाग येतात.

उतरायचं कसं, याचे तीन टप्पे वैद्यकशास्त्र सांगतं. पहिला ताट आणि पायांचा, दुसरा औषधांचा, तिसरा शस्त्रक्रियेचा. वरच्या टप्प्यावर गेलेल्या माणसाची खालच्यातून सुटका होत नाही, ही यातली मेख. जाहिरातीत नेमकं तेच गाळलेलं असतं.

ताटापासून सुरुवात करू. सत्तर किलोचा माणूस साडेचार किलोमीटर चालला की सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. घरी येऊन चहाबरोबर दोन मुठी फरसाण तोंडात टाकलं की तेवढ्याच कॅलरी परत जमा. शंभर ग्रॅम फरसाणात पाचशेच्या वर कॅलरी असतात, तेवढ्याच शिजलेल्या भातात सुमारे १३०. म्हणून नुसतं चालून वजन फारसं हलत नाही. उतरवण्याचं काम ताट करतं. चालण्याने उतरलेलं वजन टिकायला मदत होते, साखर आटोक्यात राहते, आणि वजन उचलण्याच्या व्यायामाची जोड दिली तर स्नायू शाबूत राहतात.

रत्नागिरीचं जुनं ताट यासाठी मुळीच वाईट नाही. कुळथाचं पिठलं, बांगड्याचं किंवा मुडदुशांचं कालवण, नाचणीची भाकरी, सोलकढी. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि प्रथिनांनी पोट लवकर भरतं, भरलेलं राहतं. बिघडतं ते प्रमाण. भाताची मूद दोनदा-तीनदा फिरते, भाजी चमचाभर राहते आणि सुरमईचा तुकडा रव्यात घोळून तेलात पोहतो. पूर्वी हेच ताट रिचवणारा माणूस दिवसभर भातशेतीच्या चिखलात असायचा नाहीतर घाटी चढून बाजाराला जायचा. आता नाक्यावरच्या वाण्याकडेही स्कूटरने जाणं होतं.

ताट कसं बदलायचं यावर महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी असा वाद रंगला की लग्नाच्या पंगतीत माणसं दोन पक्षांत वाटली गेली: दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित हे तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक. दिवसातून फक्त दोनदा, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपायचं, अधेमधे काही नाही आणि वर साडेचार किलोमीटर चालायचं, हा त्यांचा मंत्र. त्याचं श्रेय ते दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांना देतात. ‘विनासायास वेट लॉस’ हे शब्द त्यांच्यामुळे घरोघरी गेले. समोरच्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. थोडं थोडं, ठरावीक अंतराने खा, तूप, भात, नारळ, आंबा यांना घाबरू नका, आजी खायची ते खा, असं त्यांचं सांगणं. राज्य सरकारच्या स्थूलताविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत म्हणून दीक्षितांची निवड झाली तेव्हा तर ठिणग्या उडाल्या.

शास्त्राच्या काट्यावर दोन्ही बाजू एका ठिकाणी येतात. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १३९ लठ्ठ माणसांचे दोन गट केले गेले. कॅलरी दोघांनाही सारख्याच कमी दिल्या. एका गटाला खाणं दिवसाच्या आठ तासांतच उरकायला सांगितलं, दुसऱ्याला वेळेचं बंधन नाही. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलोने, आणि हा फरक योगायोगाने पडू शकेल इतकाच होता. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घड्याळाचा उपयोग होतो तो येता-जाता तोंडात टाकणं थांबतं म्हणून. दिवसातून सहा वेळा चहा-बिस्कीट घेणाऱ्याला दोन जेवणांचा नियम मोठा आधार वाटतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने मात्र तो आपल्या मनाने धरला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्याने आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

थोडकी घटही पुष्कळ काम करते. अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांना वजन ७ टक्के उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं लक्ष्य दिलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासात राहणीमानातल्या बदलाने ते २८.५ टक्क्यांनी खाली आलं, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता. ऐंशी किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. आरशात ते कदाचित दिसणार नाहीत, रक्ताच्या रिपोर्टात दिसतात.

मग उतरलेलं वजन परत का चढतं? त्याचं खापर आळसावर फोडण्याची आपल्याकडे सवय आहे. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा सहा वर्षं मागोवा घेतला गेला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते, त्यातले ४१ परत आले. त्याहून धक्का देणारी गोष्ट अशी की, विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. शरीर घटलेलं वजन म्हणजे दुष्काळ समजतं. भूक वाढवणारं घ्रेलिन वर जातं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन खाली येतं आणि खर्चाला कात्री लागते. अशा शरीराशी वर्षानुवर्षं झुंजणाऱ्याला ‘तोंडावर ताबा नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

नव्या औषधांनी बोट ठेवलं ते नेमकं याच भुकेवर. जेवण आतड्यात पोचलं की तिथून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं होण्याचा वेग मंद करतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणतं. अडचण इतकीच की ते रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं. यावर वाट सापडली ती अनपेक्षित जागी. अमेरिकेच्या वाळवंटात हीला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो, आपल्या घोरपडीचा लांबचा भाऊबंद. त्याच्या विषात डॉ. जॉन एंग यांना १९९२ मध्ये जीएलपी-१ सारखाच पण कितीतरी टिकाऊ पदार्थ मिळाला. त्यावरून बनलेलं पहिलं औषध २००५ मध्ये मधुमेहासाठी बाजारात आलं, आणि त्याच वाटेने पुढे आठवड्यातून एकदा टोचायच्या सुया आल्या.

भारतात टिरझेपटाइड ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये आलं आणि सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने जून २०२५ मध्ये. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिरझेपटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २१ टक्क्यांच्या आसपास. गोळीने किंवा सुईने याआधी इतकं कधी साधलं नव्हतं. ‘डोक्यातली खाण्याची कुरकुर थांबली’ अशा शब्दांत रुग्ण याचं वर्णन करतात.

किंमतही तशीच. मौंजारो आलं तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या मात्रांचा महिन्याचा खर्च चौदा ते साडेसतरा हजार रुपये होता. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यामुळे देशी कंपन्यांची स्वस्त औषधं येण्याचा रस्ता मोकळा झाला. भाव उतरले तरी काही गोष्टी बदलत नाहीत. मळमळ, बद्धकोष्ठता, जुलाब हे नेहमीचे त्रास. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आधीच स्नायूंनी तोकड्या असलेल्या थिन-फॅट शरीराला हा तोटा परवडणारा नाही. शिवाय सुई थांबवली की भूक परत येते. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आल्याचं चाचणीतच दिसलं. म्हणजे हे रक्तदाबाच्या गोळीसारखं दीर्घ पल्ल्याचं औषध आहे, लग्नाआधी दोन महिने टोचून घ्यायची सुई नव्हे.

तिसरा टप्पा शस्त्रक्रियेचा. मराठी माणसाच्या कानावर हा शब्द ठळकपणे पडला तो २०११ मध्ये, तेव्हाचे भाजप अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवणारी, शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा. पूर्वी आपलं वजन १३५ किलो होतं, आता ९३ आहे, असं त्यांनी २०२२ मध्ये भर सभेत सांगितलं. आपल्या प्राणायामाविषयी आणि बदललेल्या दिनचर्येविषयीही ते मोकळेपणाने बोलतात. म्हणजे ऑपरेशननंतरही पहिला टप्पा सुटलेला नाही.

आज सर्वांत जास्त होणारं ऑपरेशन म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. पोटावर चार-पाच लहान छिद्रं पाडून आत कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे काम करायला जागा होते. तोंडावाटे जठरात अंगठ्यापेक्षा बारीक नळी सरकवतात आणि तिच्या कडेकडेने स्टेपलर चालवतात. हा स्टेपलर एकाच वेळी कापतो आणि दोन्ही कडा टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या रांगांनी शिवतो. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग छिद्रातून बाहेर काढला जातो. पखालीसारख्या पिशवीच्या जागी केळ्याच्या आकाराची नळी उरते. शिवण कुठे गळते का, हे पाहायला अनेक सर्जन निळं औषध सोडतात. पिना आयुष्यभर आत राहतात. काढून टाकलेला वरचा भाग घ्रेलिन बनवणारा मुख्य कारखाना असतो, म्हणून जागेबरोबर भूकही कमी होते. बायपास या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जठराची अंड्याएवढी छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेह जुना असेल किंवा छातीत जळजळ फार असेल तर सर्जन सहसा बायपासकडे झुकतात.

चरबी ओढून काढणारं लायपोसक्शन या यादीत बसत नाही. ते कातडीखालची चरबी काढतं, यकृताभोवतीची नाही. त्याने कपडे बदलतात, साखर नाही.

शस्त्रक्रियेचा पुरावा भक्कम आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांचा पाठपुरावा झाला. ऑपरेशन झालेल्यांचं वजन पंधरा-वीस वर्षांनंतरही सरासरी सोळा ते अठरा टक्क्यांनी कमी राहिलं, आणि मृत्यूंचं प्रमाण ऑपरेशन न झालेल्यांपेक्षा जवळपास चौथाईने कमी निघालं. अनुभवी हातांत जिवाचा धोका हजारात एक-दोन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या पंगतीतला. तरी शिवण गळणं, रक्तस्राव, पायातल्या शिरेत गाठ होणं हे धोके खरे आहेत.

खरी परीक्षा घरी आल्यावर. पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ, मग मऊ, मग नेहमीचं, तेही वाटीभर आणि नीट चावून. दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं पोटात जायलाच हवीत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. तरुण बाईने वर्ष-दीड वर्ष गरोदरपण लांबवायचं. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं असलं, तरी मोठ्या, खास शस्त्रक्रियांसाठी इथल्या माणसाची पावलं आंबा घाट चढून कोल्हापूरकडे, नाहीतर पुण्या-मुंबईकडे वळतात. एकदा ऑपरेशन करून येणं जमतं. पण तपासणीसाठी पहिल्या वर्षी चार-पाच फेऱ्या आणि पुढे दरवर्षी एक फेरी कोण करणार, रजा कुठून काढणार, सोबत कोण येणार, हे भरती होण्याआधीच घरात ठरलेलं बरं.

कुणासाठी कुठला टप्पा? कमरेचं माप थोडंच जास्त आहे आणि साखर काठावर आहे, त्याच्यासाठी पहिला टप्पा पुरेसा आहे, फक्त तो तीन महिन्यांचा नसावा. इंडेक्स तिशीच्या वर आहे, किंवा सत्तावीसच्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे, त्याने औषधाचा विचार डॉक्टरांबरोबर करावा. शस्त्रक्रियेसाठी भारतीयांना बरीच वर्षं ३७.५, किंवा आजार असतील तर ३२.५ ही रेघ मानली गेली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी २७.५ च्या पुढेही शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असं म्हटलं आहे. विमा मात्र जुन्याच रेघेवर उभा आहे: वय अठराच्या पुढे, इंडेक्स ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, शिवाय साध्या उपायांनी यश न आल्याची नोंद. म्हणून आहाराचे, औषधांचे कागद फाइलला लावून ठेवावेत.

आणि या सगळ्याच्या आधी शिलाईच्या डब्यातली टेप काढावी. सकाळी उपाशीपोटी, सैल श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये ती गुंडाळावी, पोट आत न ओढता. घरातल्या सगळ्यांची मापं कॅलेंडरवर तारखेसह लिहावीत, काट्यावर बारीक दिसणाऱ्याचंही. पुरुषाचा आकडा ९० च्या किंवा बाईचा ८० च्या पुढे असेल, तर त्याच आठवड्यात उपाशीपोटी साखर तपासून घ्यावी.